पडलेली स्पोर्ट्स बाइक पुन्हा उभी करताना

स्पोर्ट्स बाइक पडली की डोळ्यांत आधी भरतं ते प्लास्टिक. फुटलेली फेअरिंग, वायरला लोंबकळणारा इंडिकेटर, घासून पांढरा पडलेला सायलेन्सर. मालक हळहळतो ते याच गोष्टींसाठी आणि गॅरेजवाला पहिला आकडा सांगतो तोही याचाच. पण गाडी पुन्हा बांधायची की सोडून द्यायची, हे प्लास्टिकवर ठरत नाही. ते ठरतं हँडलच्या खाली, फोर्क फ्रेमला मिळतो त्या वीतभर जागेत. ती जागा शाबूत असेल तर फेअरिंगचे कितीही तुकडे होवोत, गाडी बांधता येते. ती हलली असेल तर वरून चकचकीत दिसणारी गाडीसुद्धा ताम्हिणी घाटाच्या पहिल्या उतारावर दगा देऊ शकते.

म्हणून पॅनेलच्या किमती विचारत फिरण्याआधी गाडी मोजा. त्याच्याही आधी थोडी कागदपत्रं.

स्पॅनर हातात घेण्याआधी

गाडी पडली त्याच अवस्थेत, शक्य असेल तर त्याच जागी, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि ओडोमीटरचा आकडा फोटोत यायला हवा. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर कंपनीला लगेच कळवा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका. अपघातात कुणाला इजा झाली असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी उरकेपर्यंत गाडीला हातच लावायचा नाही.

फेअरिंगवाल्या गाड्यांना विम्यात एक खास फटका बसतो, आणि तो बहुतेकांना क्लेमच्या दिवशीच कळतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, गाडी कालच शोरूममधून आणलेली असली तरी. धातूच्या भागांवरचा घसारा वयानुसार चढतो: पहिले सहा महिने काहीच नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, आणि पुढे वाढत पाच वर्षांनंतर ४०. साध्या कम्युटर गाडीच्या बिलात धातू जास्त असतो, स्पोर्ट्स बाइकच्या बिलात प्लास्टिक. समजा पॅनेलचंच बिल तीस हजारांचं झालं, तर त्यातले पंधरा हजार तुमच्या खिशातून जाणार. फुल फेअरिंगची गाडी घेणाऱ्याने झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घ्यावं असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

दुसरा आकडा आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. पाच-सहा वर्षं जुन्या गाडीच्या बाबतीत हा आकडा फार लवकर गाठला जातो. अशा वेळी भावनेच्या भरात ‘नाही, मी बांधणारच’ म्हणण्याआधी कंपनी काय देतेय आणि बांधायला काय लागेल, हे एका कागदावर शेजारीशेजारी लिहून बघा. उलट नुकसान किरकोळ असेल, एक लिव्हर, एक इंडिकेटर, चार ओरखडे, तर क्लेम करूच नये. साठवलेला नो क्लेम बोनस त्यापेक्षा जास्त किमतीचा असू शकतो. क्लेम न केलेल्या सलग पाच वर्षांनंतर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो.

कशी पडली ते आठवा

पुढचं किंवा मागचं चाक घसरून गाडी एका कुशीवर लोळली, तर तिला लो-साइड म्हणतात. पहिल्या पावसानंतर घाटाच्या वळणावर आलेल्या खडीवर बहुतेक जण असेच पडतात. यात फेअरिंग, क्लिप-ऑन हँडल, लिव्हर, फुटरेस्ट, गिअर लिव्हर, क्लच किंवा मॅग्नेटचं कव्हर आणि सायलेन्सर खर्ची पडतात. दिसतं भयानक, पण गाडी बहुतेकदा बांधण्याजोगी असते. घसरत जाऊन कठड्याला किंवा दुभाजकाला आपटली नसेल, एवढीच अट.

हाय-साइड वेगळी. मागचं चाक घसरतं, मग अचानक पकडतं, आणि गाडी स्वाराला उसळवून पलीकडच्या कुशीवर आदळते. यात टाकी, सबफ्रेम, हँडल, कधीकधी फोर्कसुद्धा जातो. आणि समोरून धडक, म्हणजे चाक कशावर तरी आपटलं असेल, तर सगळा मार रिम, फोर्क, टी (फोर्कचे पाइप पकडणारा भाग) आणि स्टिअरिंग हेड या एका रांगेत वर चढतो. अशा गाडीची फेअरिंग कधीकधी जवळपास अखंड असते. सेकंड हँड बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक याच गाड्यांमध्ये होते.

मोजमाप

सगळी फेअरिंग उतरवा. तुटलेली, न तुटलेली, सगळी. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पिशवीवर जागा लिहा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या बोल्टांची लांबी वेगळी असते. आता गाडी पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करा, हँडल सरळ धरा, आणि मागे चार पावलं जाऊन खाली बसून नुसतं बघा. मागच्या चाकाच्या रेषेत पुढचं चाक उभं आहे का, एवढंच.

मग दोरी. मागच्या टायरच्या मागून एक दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे ताणायची, मागच्या टायरच्या दोन्ही कडांना जेमतेम स्पर्श होईल अशी, आणि पुढच्या टायरपाशी दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. उदाहरणार्थ यामाहा आर-१५ च्या व्ही३ ला पुढे १०० आणि मागे १४० चा टायर आहे. म्हणजे कागदावर दोन्ही बाजूंना साधारण २० मिलिमीटर फट दिसली पाहिजे. टायरच्या ब्रँडप्रमाणे आकडा थोडा हलेल, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला १५ असेल तर आधी चेन अॅडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत का ते पाहा. त्या सारख्या असूनही फरक राहिला, तर मग काळजी करायची.

व्हीलबेसही मोजा. आर-१५ व्ही३ आणि व्ही४ चा व्हीलबेस १३२५ मिलिमीटर आहे. चेन ताणण्याप्रमाणे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण मोजमाप दीड-दोन सेंटिमीटरने कमी भरलं तर पुढचं चाक मागे ढकललं गेलंय हे नक्की. आता प्रश्न एवढाच उरतो की वाकलंय काय: पाइप, टी की फ्रेम? याच क्रमाने शोधायचं, कारण याच क्रमाने खर्च वाढतो.

इथे घाईघाईत पैसे घालवणारे पुष्कळ. किरकोळ पडझडीनंतर हँडल सरळ धरलं की चाक एका बाजूला बघतं, आणि मेकॅनिक सांगतो की शॉकअप, म्हणजे फोर्क, वाकले. पुष्कळदा काहीच वाकलेलं नसतं. पाइप नुसते टीच्या पकडीत पिळले गेलेले असतात. वरच्या-खालच्या टीचे पिंच बोल्ट, अॅक्सल आणि मडगार्डचे बोल्ट सैल करा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-सहा वेळा खाली-वर दाबा, सगळं आपापल्या जागी बसू द्या. मग खालच्या टीपासून सुरुवात करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. चाक सरळ झालं तर कित्येक हजार रुपये वाचले. नाही झालं तर पाइप बाहेर काढा.

पाइप सरळ आहे का हे हातात धरून, एक डोळा मिटून कळत नाही. जाड काचेवर गडगडत सोडा, खाली प्रकाशाची फट उघडमीट होतेय का बघा. त्याहून चांगलं म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायचं. मर्यादा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये ती साधारण ०.२ मिलिमीटर दिलेली असते. एवढा वाक डोळ्याला दिसणं शक्यच नाही. हायड्रॉलिक प्रेसवर पाइप सरळ करून देणारे प्रत्येक शहरात आहेत, आणि ते काम ते चांगलं करतातही. रोज बाजारहाटाला जाणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीसाठी मी त्यांना नाव ठेवणार नाही. वळणात झोपवायच्या गाडीत मात्र सरळ केलेला पाइप घालू नये. आणि पाइपवर घडी किंवा सुरकुती दिसत असेल तर प्रेसवाल्याकडे नेण्याचेही कष्ट घेऊ नका.

अपसाइड-डाउन फोर्कची एक गोम लक्षात ठेवा. भारतात आर-१५ ला तो २०२१ च्या व्ही४ पासून आला. आरसी ३९० आणि अपाची आरआर ३१० ला सुरुवातीपासून आहे. यात टीच्या पकडीत जाड नळी असते, ती सहज वाकत नाही. मग धडकेचा जोर जातो कुठे? टीमध्ये, स्टेममध्ये आणि त्याच्या मागे फ्रेममध्ये. साधा टेलिस्कोपिक फोर्क स्वतः वाकून फ्रेमचा जीव वाचवतो. म्हणजे अपसाइड-डाउन फोर्क सरळ निघाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा नाही; उलट फ्रेम जास्त बारकाईने बघायची.

फ्रेममध्ये काय बघायचं? पहिलं म्हणजे लॉक-स्टॉपची शेंडी, जिला अडून हँडल थांबतं. ती तुटली किंवा चेपली असेल तर हँडल पूर्ण जोराने एका बाजूला फेकलं गेलं होतं. दुसरं, स्टिअरिंग हेडच्या मागचा रंग. लोखंड वाकताना वरचा रंग साथ देत नाही. केसासारख्या भेगा पडतात, पापुद्रा सुटतो. ट्रेलिस फ्रेममध्ये वाकलेली नळी निदान डोळ्याला दिसते. डेल्टाबॉक्ससारख्या पत्र्याच्या फ्रेममध्ये बोट फिरवत जावं लागतं, उठलेली सुरकुती बोटाला आधी लागते. वेल्डिंगच्या टाक्यांवर शंका आली तर डाय पेनेट्रंट वापरा. तीन स्प्रेचा संच असतो: एकाने भाग साफ करायचा, लाल रंग मारून दहा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चाकण, भोसरी, कोल्हापूरच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये हे रोजचं काम आहे. ओळख काढली तर अर्ध्या तासात होतं.

स्टिअरिंग हेडच वाकलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घरच्या किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजात ते सरळ करायचं नाही. जिगवर मोजून काम करणारं कुणी असेल तर त्याला दाखवा. नाहीतर फ्रेम बदलायची किंवा गाडी सोडायची. भंगारातून दुसऱ्या गाडीची फ्रेम आणून बसवण्याचा सल्ला मिळेल. ती फ्रेम म्हणजे कायद्याच्या नजरेत दुसऱ्याची गाडी आहे. तिच्यावरचा नंबर तुमच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, नाही, आणि ती चोरीची निघाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. नंबर घासून नवा ठोकणं हा तर सरळ गुन्हा. फ्रेम बदलायचीच तर कंपनीच्या डीलरमार्फत, बिलासह, आणि आरटीओत आधी विचारून, नोंद करून.

कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगची बेअरिंग, तपासायला पुढचं चाक अधांतरी उचला आणि हँडल सावकाश फिरवा. अगदी मधोमध आल्यावर खटकन अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत. समोरून धडकलेल्या गाडीत कोनसेट बदलूनच टाकावा. भागाची किंमत थोडी असते आणि फोर्क तसाही उतरवलेलाच आहे.

चाकं, ब्रेक, इंजिन

रिम डायल गेजवर फिरवून बघा आणि आरे जिथे हबला मिळतात तिथे भेगा शोधा. अॅलॉय तापवून ठोकून बेंड काढून देणारे रस्तोरस्ती आहेत. तापवल्यावर अॅल्युमिनिअमची ताकद उतरते, आणि ती उतरलीय हे बाहेरून दिसत नाही. पुढचं चाक नवंच घ्या. हाच नियम क्लिप-ऑनला, लिव्हरला, फुटरेस्टच्या ब्रॅकेटला. एकदा वाकलेलं अॅल्युमिनिअम परत सरळ केलं की पुढच्या वेळी ते वाकत नाही, तुटतं.

डिस्क वाकली असेल तर ब्रेक दाबताना लिव्हरला नाडी लागते. अँटिलॉक ब्रेकच्या गाडीत चाकावरची दातेरी रिंग आणि सेन्सर तपासा. रिंग जरा वाकली तरी मीटरवरचा दिवा विझत नाही. ब्रेकची नळी हँडलपाशी चिरडली असेल तर बदला. ब्रेक ऑइल नवं भरा, बाटलीवरच्या ग्रेडकडे बघून, आणि हवा पूर्ण काढा.

आता इंजिन, आणि इथे थोडा दम धरा. गाडी बराच वेळ आडवी पडून राहिली असेल तर ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये आणि तिथून सिलिंडरमध्येही उतरू शकतं. द्रव दबत नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमा कंपनी म्हणते की हे नुकसान अपघाताचं नाही, नंतरच्या निष्काळजीपणाचं आहे. एअरबॉक्स उघडून पुसून घ्या, प्लग काढा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून ऑइल उडालं नाही आणि इंजिन मोकळं फिरलं तरच प्लग लावून बटण दाबायचं. त्याआधी ऑइलची पातळी, साइड कव्हरच्या भेगा आणि रेडिएटरची गळती बघितलेली असायला हवी.

इंजिन सुरूच होत नसेल तर लगेच ईसीयूला दोष देऊ नका. गाडी कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत असतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की तो सहसा पूर्ववत होतो. क्लच लिव्हरबरोबर तिथला स्विच तुटला असेल तर स्टार्टर फिरत नाही. साइड स्टँडचा स्विच गेला असेल तर गिअर टाकला की गाडी बंद पडते. पडलेल्या गाड्यांचे ‘मोठे’ इलेक्ट्रिकल बिघाड अनेकदा या दोन स्विचांवर किंवा स्टिअरिंग हेडपाशी चिमटलेल्या वायरवर येऊन थांबतात. गिअर लिव्हर आत दाबला गेला असेल तर नुसता लिव्हर सरळ करून भागत नाही; आतला शाफ्ट वाकला असेल तर ऑइल सीलपाशी ठिबकायला लागतं आणि गिअर अडकतात.

काय नवं, काय जुनं

कुर्ल्याचा भंगार बाजार असो की पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, तिथे जाण्यात काही कमीपणा नाही. फक्त काय आणायचं ते ठरवून जा. पॅनेल, टाकी, सीट, मीटर, हेडलाइट, सायलेन्सर, सबफ्रेम (बोल्टने जोडलेली असेल तर) जुनं चालतं. हे भाग खराब निघाले तर पैसे जातात, जीव नाही. फोर्क, टी, पुढचं चाक, क्लिप-ऑन, डिस्क, कॅलिपर, ब्रेकच्या नळ्या जुन्या घेऊ नका. तुमच्यासारख्याच पडलेल्या गाडीतून ते निघालेले असतात, आणि ती गाडी कशी पडली होती ते विकणाऱ्याला ठाऊक नसतं.

नवे भाग मागवताना नावाने नाही, पार्ट नंबरने मागा. ‘आर-१५ चा डावा पॅनेल’ म्हटलं तर चार पिढ्यांपैकी कुठलाही येईल. चेसिस नंबर काउंटरला द्या, कॅटलॉगमधून नंबर काढून घ्या, आणि सगळी यादी एकदम द्या. एकेक आठवत मागवत राहिलात तर गाडी महिनोन्महिने गॅरेजात धूळ खाईल. वॉशर, ऑइल सील, गॅस्केट, क्लिप, रबर ग्रोमेट या चिल्लर वस्तू यादीत आधी लिहा, कारण काम अडतं ते त्यांच्यापायी.

बांधणी

आधी नुसती चालती चेसिस उभी करा: फोर्क, चाकं, ब्रेक, हँडल, इंजिन, वायरिंग. टॉर्क रेंच उसना आणा, पण आणा. पुढचा अॅक्सल आवळल्यावर पिंच बोल्ट लगेच आवळू नका. फोर्क काही वेळा दाबून पाय आपापल्या जागी बसू द्या, मग आवळा. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा: कुठली केबल ताणली जाते का, क्लिप-ऑन टाकीला लागतो का, आणि प्रत्येक ठिकाणी थ्रॉटल सोडला की आपोआप मिटतो का. पडताना बार-एंड आत ढकलला गेला की थ्रॉटलची नळी घासते आणि अर्धवट उघडी राहते. हे रस्त्यावर कळण्यात मजा नाही.

पहिली फेरी फेअरिंगशिवाय, मोकळ्या रस्त्यावर, हळू. आधी चालण्याच्या वेगात ब्रेक. मग ३०-४० च्या वेगात ग्रिपवर हात सैल ठेवून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. हात पूर्ण सोडण्याची मर्दुमकी इथे नको. परत आल्यावर फोर्कच्या सील, रेडिएटरचे जोड आणि कव्हरच्या कडा टॉर्च मारून तपासा. फेअरिंग नसल्यामुळे सगळं दिसतं, हाच तिला शेवटपर्यंत थांबवून ठेवण्याचा फायदा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा. आणि पडलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालू नका, वरून कितीही नीट दिसलं तरी.

आता प्लास्टिक. पॅनेलच्या आतल्या बाजूला कशापासून बनलंय ते कोरलेलं असतं. एबीएस असेल तर घरीही जोडता येतं: भेगेच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे जाणार नाही, आतून स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने रुतवा, आणि अॅसिटोनमध्ये एबीएसचे तुकडे विरघळवून केलेली लापशी फटीत भरा. एक दिवस वाळू द्या, घासा. काम उघड्यावर करा, अॅसिटोन लगेच पेट घेतो. पीपी असेल तर अॅसिटोनचा उपयोग नाही. त्याला पीपीच्याच काडीने प्लास्टिक वेल्डिंग लागतं. बोल्टचे कान तुटलेले असतील तर नुसत्या डिंकाने चिकटवू नका, ते पहिल्याच खड्ड्यात सुटतात.

रंगात घाई नको. प्रायमर, बेस, स्टिकर, वरून क्लिअर, आणि प्रत्येक थराला पुरेसा वेळ. निळी गाडी काळी करायचा मोह झाला तर लक्षात असू द्या, रंग आरसीवर लिहिलेला असतो. बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. फेअरिंग बसवताना पिशव्यांवरची नावं बघून त्या त्या जागचाच बोल्ट घाला. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर तो रेडिएटरच्या जाळीत घुसतो. सगळी बिलं, डायल गेजचे आकडे आणि उघड्या गाडीचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. उद्या गाडी विकायला काढलीत तर घेणाऱ्याला तीच फाइल दाखवा.